फिस्के-सुब्बाराव: एका जोडनावाविषयी

'फॉस्फरस' म्हणजे ग्रीकांचा 'प्रकाश आणणारा'. पहाटेच्या शुक्रालाही ते हेच नाव देत. असे तेजस्वी नाव लाभलेले द्रव्य माणसाला प्रथम गवसले ते मात्र मूत्रात. १६६९ मध्ये हॅम्बुर्गचा किमयागार हेनिग ब्रांट याने सोन्याच्या आशेने मूत्र आटवले, अवशेष तापवला आणि हाती आला तो अंधारात चमकणारा पदार्थ. उदात्त आणि हीन यांचे हे सान्निध्य साहित्याच्या अभ्यासकांना मोहवील. पण आपल्याला वळायचे आहे ते अडीचशे वर्षांनंतरच्या एका माणसाकडे.

वैद्याला मूत्रातल्या फॉस्फरसची चमक नको असते, आकडा हवा असतो. तो फॉस्फेटच्या रूपात असतो आणि किती राखायचा, किती टाकायचा हे मूत्रपिंड ठरवते. रक्तात फॉस्फेट कमी आणि मूत्रात मात्र भरपूर, असे दिसले की गळती मूत्रपिंडातच आहे, असा संशय येतो. रंगावरून हे मोजण्याची एक रीत बेल आणि डॉइझी यांनी १९२० मध्ये मांडली होती. १९२५ मध्ये हार्वर्डच्या सायरस फिस्के आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी तिच्याहून सरस रीत दिली. आम्लात मॉलिब्डेट घातले की फॉस्फेट त्याच्याशी जोडले जाते. मग ॲमिनोनॅफ्थॉल सल्फॉनिक आम्लाने क्षपण केले की निळा रंग उमटतो. निळाई जितकी गडद, तितके फॉस्फेट अधिक.

सुब्बाराव १८९५ मध्ये भीमावरमला जन्मले. बोस्टनमधल्या सुरुवातीच्या दिवसांत पोटासाठी ते इस्पितळात रात्रपाळीचे हरकामे होते, असे चरित्रकार सांगतात. याच मोजणीच्या बळावर या दोघांना १९२७ मध्ये स्नायूंतले फॉस्फोक्रिएटिन सापडले. तरीही हार्वर्डने सुब्बारावांना कायमची जागा दिली नाही; १९४० मध्ये ते लेडर्ले कंपनीत गेले आणि १९४८ मध्ये वारले. जीवरसायनाचे आपल्याकडचे विद्यार्थी 'फिस्के-सुब्बाराव' हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या घोकत आले. त्यातले दुसरे नाव आंध्रातल्या माणसाचे आहे, हे त्यांतल्या किती जणांच्या ध्यानात आले असेल, कोण जाणे.

आजची अनेक यंत्रे निळ्या रंगापर्यंत जातच नाहीत. मॉलिब्डेटशी झालेली जोडणीच ३४० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात मोजतात. मूत्र मात्र पूर्वीसारखेच चोवीस तासांचे साठवायचे, आणि फॉस्फेट तळाशी बसू नये म्हणून त्यात आम्ल घालायचे.