भावंडाचा अकाली मृत्यू आणि ख्रिस्ती श्रद्धा

जानेवारी २०२२ मध्ये वर्धा जिल्ह्यातील सेलसुरा येथे मोटार पुलावरून कोसळली आणि वैद्यकीय शिक्षण घेणारे सात विद्यार्थी मृत्युमुखी पडले. अशी वार्ता ऐकताच आपले मन प्रथम आईवडिलांकडे धावते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु त्याच घरात एखादा भाऊ किंवा बहीणही असते. भेटीस येणारा प्रत्येक जण त्यांना सांगतो, "आता आईवडिलांना तुम्हीच सांभाळा." स्वतःचे दुःख व्यक्त करण्यास त्यांना जागाच उरत नाही. अशा भावंडांना पवित्र शास्त्र आणि ख्रिस्तसभेची परंपरा कोणता आधार देतात, हे येथे पाहू.

बेथानीच्या दोन बहिणी

संत योहानाच्या शुभवर्तमानातील अकरावा अध्याय म्हणजे भावाला मुकलेल्या दोन बहिणींची कहाणी आहे. लाजरसला कबरेत ठेवून चार दिवस झाल्यावर प्रभू येशू बेथानीस आला. तो वेळेवर आला असता तर आपला भाऊ मरण पावला नसता, अशी तक्रार मार्था व मरिया दोघींनीही त्याच्याजवळ केली. दोघींचे शब्द जवळजवळ सारखेच होते; प्रभूने दिलेला प्रतिसाद मात्र वेगळा होता. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलला, तर मरियेचे रडणे पाहून तो स्वतः रडला. लाजरसला आपण उठविणार आहोत हे ठाऊक असूनही त्याने अश्रू आवरले नाहीत.

म्हणून शोक करणे हे श्रद्धा कमी असल्याचे लक्षण नव्हे. देवाकडे तक्रार करणारी मार्थाच त्याच भेटीत येशू हा ख्रिस्त असल्याची कबुली देते. तक्रार आणि श्रद्धा एकाच हृदयात नांदू शकतात.

संतांनीही शोक केला

क्लेरव्हो मठाचे प्रमुख संत बर्नार्ड यांचा भाऊ जेरार्ड त्याच मठात संन्यासी होता. ११३८ मध्ये तो मरण पावला. बर्नार्ड यांनी कोरड्या डोळ्यांनी त्याचा अंत्यविधी पार पाडला. पुढे 'गीतरत्न' या ग्रंथावर प्रवचन करीत असता त्यांचा बांध फुटला. विषय तेथेच सोडून ते भावाविषयी बोलू लागले. ते प्रवचन आजही त्यांच्या ग्रंथात समाविष्ट आहे. दाबून ठेवलेले दुःख संतालाही चुकले नाही.

लिझ्यूच्या संत तेरेजा यांची चार भावंडे त्यांच्या जन्मापूर्वीच बालपणी वारली होती. किशोरवयात मनाला शंकाकुशंकांनी ग्रासले असता त्यांनी या भावंडांकडे मध्यस्थी मागितली आणि त्यांना शांती लाभली. ज्यांना कधी पाहिलेही नाही त्यांच्याशीही त्यांचे नाते जिवंत होते. संतजनांची सहभागिता आपण श्रद्धासूत्रात मान्य करतो, तिचा अर्थ हाच आहे: मृत्यूमुळे एका कुटुंबाची दोन कुटुंबे होत नाहीत.

राखीचा धागा

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये धर्मभगिनी राणी मरिया यांची हत्या झाली. त्या ४१ वर्षांच्या होत्या आणि उदयनगर परिसरातील आदिवासी व गरीब शेतकऱ्यांमध्ये कार्य करीत होत्या. त्यांची धाकटी बहीण सेल्मी पॉल यासुद्धा फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्याच धर्मभगिनी. त्यांनी २००२ मध्ये तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली आणि त्याला भाऊ मानले. २००६ मध्ये त्याची सुटका झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मरिया यांना 'धन्य' घोषित करण्यात आले.

हत्या आणि राखी यांच्यामध्ये सात वर्षे गेली, हे विसरू नये. क्षमा ही कृपा आहे. शोकाकुल माणसाकडे दुसऱ्याच दिवशी तिची मागणी करणे योग्य नव्हे.

धर्मग्रामात काय करता येईल

सांत्वनास जाल तेव्हा भावंडाचीही स्वतंत्र विचारपूस करा आणि मृत व्यक्तीचे नाव घेऊन बोला. लहान मुलांना "तो गावाला गेला" असे सांगू नये. ती त्याच्या परतण्याची वाट पाहत राहतात. सत्य सोप्या शब्दांत सांगावे आणि अंत्यविधीत त्यांना सहभागी करून घ्यावे.

मृत्यू स्वतःच्या हातून ओढवला असला तरी ख्रिस्तसभा त्या जिवाच्या तारणाविषयी निराश होत नाही आणि त्याच्यासाठी प्रार्थना करते, अशी शिकवण १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात आहे. विदर्भातील अनेक शोकाकुल घरांना हे सांगण्याची गरज आहे.

स्मरणार्थ पवित्र मिस्सा अर्पण करता येते. २ नोव्हेंबर हा सर्व मृत भाविकांचा स्मृतिदिन असून, १ ते ८ नोव्हेंबर या काळात दफनभूमीस भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करण्यास ख्रिस्तसभेने विशेष कृपादान जोडले आहे. वर्ध्यासारख्या ठिकाणी शेजारी राखीपौर्णिमा व भाऊबीज साजरी होत असताना भावंड गमावलेल्यांना तो दिवस जड जातो. त्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन थोडा वेळ शांतपणे बसावे. बेथानीच्या घरी प्रभूनेही बहिणींना एकटे सोडले नव्हते.