जर्नल कोणाचं, कपाट कोणाचं?

पाचगणीच्या बेल-एअर आरोग्यधामाबद्दल मी सध्या वाचतेय. डॉ. बिलिमोरियांनी १९१२ मध्ये क्षयरुग्णांसाठी ते सुरू केलं. त्या काळातलं वैद्यकीय लिखाण हवं होतं, आणि मला वाटलं की हेच सापडायला सगळ्यात अवघड जाणार. झालं उलटंच. १८६६ पासून कलकत्त्याहून निघणाऱ्या ‘इंडियन मेडिकल गॅझेट’चे जुने अंक पबमेड सेंट्रलवर फुकट मिळाले, घरबसल्या. पण त्याच विषयावर आजच्या एका इतिहासकाराने लिहिलेला लेख उघडायला गेले, तर वेबसाइटने थेट पैसे मागितले!

असं का होतं, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

परदेशी जर्नल्सची वर्गणी डॉलर-पौंडात भरावी लागते. १९९१ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, तेव्हा तेवढ्याच जर्नल्ससाठी ग्रंथालयांना जास्त रुपये मोजावे लागले. साहजिकच काही जर्नल्स बंद करायची वेळ आली. एकेकट्याने घेणं परवडत नाही, तर सगळ्यांनी मिळून घेऊ, हा विचार त्यातूनच बळावला. २००४ मध्ये यूजीसी-इन्फोनेटची सामायिक योजना सुरू झाली, आणि तिची व्यवस्था इन्फ्लिबनेटकडे आली.

यात एक गोम होती. प्रवेश मुख्यतः आयपी पत्त्यावरून मिळायचा, म्हणजे विद्यापीठाच्या नेटवर्कवर बसलात तरच लेख उघडणार. सातारा जिल्हा शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतो आणि विद्यापीठ कोल्हापुरात. पाचगणीहून पसरणीचा घाट उतरून दीडशेहून जास्त किलोमीटर जायचं, ते कशासाठी, तर एका पीडीएफसाठी! २०१० मध्ये एन-लिस्ट आली आणि महाविद्यालयांना लॉगिन-पासवर्ड मिळाले. माझ्या मते खरा बदल तो. नावं मात्र नंतरच्या योजनांची जास्त गाजली. २०१५ च्या अखेरीस या योजना ई-शोधसिंधूत एकत्र झाल्या.

आता २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आहे: ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार जर्नल्स, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये. पहिल्या टप्प्यात फक्त सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था आहेत. खासगी कॉलेजातून पीएचडी करणारा दाराबाहेरच.

आणि आत असलात तरी एक फरक लक्षात ठेवा. छापील अंक बांधून कपाटात ठेवला की तो ग्रंथालयाचा झाला. वर्गणी बंद केली तरी अंक तिथेच राहायचा. इलेक्ट्रॉनिक वर्गणी बऱ्याचदा घरभाड्यासारखी असते. करार संपला की जुने अंक राहतील की नाही, हे करारात काय लिहिलंय त्यावर ठरतं. इतिहासाच्या विद्यार्थ्याला चालू अंकापेक्षा हे मागचे अंकच जास्त लागतात.

म्हणून विषय पक्का करायच्या आधी ग्रंथपालांना भेटा. ‘हे जर्नल आहे का’ एवढंच विचारू नका. ‘कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत आहे, आणि घरून उघडेल का’ हेही विचारा. मी पहिल्या वर्षी फक्त पहिला प्रश्न विचारला होता.