परमुलखातली माती

दिल्लीला गेलेला आपला माणूस कुतुबमिनार पाहिल्यावाचून परतत नाही. त्या मिनारापासून जवळच, मेहरौली गावात, ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांचा दर्गा आहे. दर्ग्याच्या शेजारी एका लहानशा आवारात मोगल घराण्यातील काही बादशहांच्या कबरी आहेत. पहिला बहादूरशहा तेथे आहे, आंधळा झालेला दुसरा शाह आलम तेथे आहे, १८३७ साली वारलेला दुसरा अकबर तेथे आहे. आणि याच कबरींच्या रांगेत एका माणसाला पुरेल एवढी जागा रिकामी आहे. ती जागा शेवटचा मोगल बादशहा बहादूरशहा जफर याने स्वतःसाठी राखून ठेवली होती.

त्यात चमत्कारिक असे काही नाही. साठी-सत्तरी उलटलेला माणूस आपल्या शेवटाची व्यवस्था मनाशी ठरवू लागतो. आपल्याकडे कोणी काशीला जाऊन राहतो, कोणी गंगेचा गडू देवघरात जपून ठेवतो, कोणी पेटीच्या तळाशी कोरे धोतर घडी करून ठेवतो आणि सुनेला त्याची जागा दाखवून ठेवतो. जफर बादशहा होता तो नावापुरता. राज्य लाल किल्ल्याच्या भिंतीपाशी संपत होते. तेव्हा ज्या एका गोष्टीवर आपला हक्क चालेल असे त्याला वाटले, ती म्हणजे बापाजवळची साडेतीन हात जमीन. तीही त्याला मिळाली नाही.

१८५७ च्या उठावानंतर त्याच्यावर त्याच्याच दिवाण-इ-खासमध्ये खटला चालला, हे शाळेतील मुलालाही ठाऊक असते. त्याची पुढची हकीकत मात्र आपण एका वाक्यात उरकतो. १८५८ च्या ऑक्टोबरात, पहाटेच्या काळोखात, त्र्याऐंशी वर्षांच्या घरात आलेल्या त्या म्हाताऱ्याला दिल्लीबाहेर काढण्यात आले; बरोबर बेगम झीनत महल, जवाँबख्त आणि शाह अब्बास हे दोन मुलगे, आणि थोडीफार माणसे. ९ डिसेंबर १८५८ रोजी ही मंडळी रंगूनला उतरली. जमिनीपासून उंच बांधलेले चार खोल्यांचे एक लाकडी घर त्यांना मिळाले. कागद, शाई, लेखणी यांना मनाई होती. ज्याने जन्मभर गझला लिहिल्या त्याच्या हातून लेखणी काढून घेणे ही शिक्षा कोणत्या कायद्याच्या पुस्तकात सापडते, देव जाणे!

१८६२ च्या नोव्हेंबरात त्याच्या घशाला लकवा झाला, अन्न उतरेनासे झाले. तो अजून जिवंत असतानाच, त्याच्यावर देखरेखीस असलेल्या कॅप्टन डेव्हिस या अधिकाऱ्याने विटा आणि चुना जमवून ठेवण्याचा हुकूम सोडला. म्हातारा आपली जागा दिल्लीला राखून आला होता. सरकारने त्याची जागा रंगूनला राखून ठेवली. ७ नोव्हेंबरला पहाटे तो गेला आणि त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमारास पहाऱ्याच्या चौकीमागे त्याला पुरण्यात आले. हजर होते ते दोन मुलगे आणि एक मौलवी. कबर जमिनीबरोबर सपाट करून वर हिरवळ लावली. भोवती, बऱ्याच अंतरावर, बांबूचे कुंपण घातले. आणि हिशेब असा, की बांबू कुजून जाईपर्यंत गवत सगळीकडे सारखे वाढलेले असेल, मग शेवटचा मोगल नेमका कोठे निजला आहे हे कोणालाच सांगता येणार नाही. जिवंतपणी ज्याला चार खोल्यांत कोंडले, त्याच्या मेल्यावर एवढी धास्ती का? उघड आहे. कैदी मेला की कैद संपते, पण कबर उरते. तिच्यावर कोणी फूल वाहतो, कोणी दिवा लावतो, आणि मग माणसे जमू लागतात.

आता योगायोग पाहा. जफर रंगूनच्या बंदरात उतरला त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १ जानेवारी १८५९ रोजी, त्याच ब्रह्मदेशाच्या उत्तरेकडील स्वतंत्र राज्यात, मंडालेला, राजा मिंडोनला एक मुलगा झाला. त्याचे नाव थिबा. कादंबरीत असे लिहिले तर संपादक ती साभार परत पाठवतील. इतिहासावर असले बंधन नसते.

थिबा मठात शिकला. पाली धर्मग्रंथांच्या परीक्षेत त्याने नाव मिळविले होते. १८७८ साली तो गादीवर आला तो स्वतःच्या कर्तबगारीने नव्हे, दरबारातील कारस्थानाने. आणि १८७९ मध्ये राजघराण्यातील त्याच्या कित्येक भावाबहिणींची कत्तल झाली. ती कोणाच्या हुकमाने झाली यावर इतिहासकार आजही भांडतात; राणी सुपयालतवर बोट ठेवणारे पुष्कळ आहेत. हे सांगितले पाहिजे, कारण दुर्दैवी राजाची गोष्ट सांगताना त्याला देवमाणूस करून टाकण्याची आपल्याला खोड आहे. थिबाला राज्य करण्यास सात वर्षे मिळाली. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांची फौज इरावतीतून मंडालेस पोहोचली आणि २९ तारखेला राजाराणीला बैलगाडीत घालून नदीवरच्या बोटीकडे नेले. रस्त्याच्या दुतर्फा माणसे रडत होती. आधी मद्रास, आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये आपली रत्नागिरी. तेव्हा थिबा सत्तावीस वर्षांचा होता.

तो रत्नागिरीला आला त्यानंतर तीन महिन्यांनी, जुलैत, तिकडे रंगूनला झीनत महल वारली. एकीकडची कैद संपत आली होती, दुसरीकडची सुरू झाली होती.

रत्नागिरीच का? कोकणातल्या वाचकाला हे सांगायला नको. त्या काळी तेथे रेल्वे नव्हती (ती यायला पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली). घाटातून जाणे म्हणजे दिव्य. सुखाचा मार्ग एकच, आगबोटीचा, आणि पावसाळा सुरू झाला की बोटीही बंद. निसर्गाने स्वतःच बांधून दिलेला हा तुरुंग! तेथे थिबा सुमारे एकतीस वर्षे राहिला, म्हणजे आयुष्याचा अर्ध्याहून अधिक काळ. पेन्शन होती, पण राजाचा हात सैल. बरोबर आणलेली माणके हळूहळू विकली गेली आणि बाजारात उधारी झाली. मुली लहानाच्या मोठ्या झाल्या. बरोबरीची स्थळे ब्रह्मदेशात, आणि ब्रह्मदेशाची वाट बंद. १९१० साली सरकारने त्याच्यासाठी टेकाडावर राजवाडा बांधून पुरा केला: उतरते छप्पर, अर्धवर्तुळाकार खिडक्या, कोरीव सागवान. त्याच्या सज्जातून राजा समुद्रावरच्या बोटी पाहत बसे असे गावातले लोक सांगत आले आहेत. तो वाडा पाहणाऱ्याला भव्य वाटतो. मला मात्र नेहमी वाटते, की ज्या दिवशी सरकार कैद्याला तात्पुरत्या बंगल्यातून हलवून कायमचे घर बांधून देते, त्या दिवशी त्याने काय समजावे?

याच सुमारास आपल्याकडच्या एका माणसाने मंडालेची वाट धरली होती, ती बेड्यांतून. लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीचा. १९०८ साली त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना ठेवले मंडालेला, थिबाच्या जुन्या राजधानीच्या तटबंदीत असलेल्या तुरुंगात. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेस! १९१२ च्या जून महिन्यात टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्याला वारल्या आणि त्याच महिन्यात रत्नागिरीस थिबाची धाकटी राणी सुपयागले वारली. दोन्ही घरांत एकच दुःख, पण दोन्ही कैदांत एक मोठा फरक होता. टिळकांच्या शिक्षेला मुदत होती. ती कितीही जाचक असली तरी दिवस मोजता येत होते. १९१४ च्या जूनमध्ये ते पुण्यास परतले आणि गीतारहस्याचे काम त्यांनी त्या मोजलेल्या दिवसांतच केले होते. थिबाच्या शिक्षेला मुदतच नव्हती. मोजायचे काय?

याला जोड म्हणून आमच्या दुसऱ्या बाजीरावाची आठवण होते. तो जफरच्याच वर्षी, १७७५ साली, जन्मला. १८१८ साली राज्य घालवून ब्रह्मावर्ताला गेला आणि १८५१ पर्यंत आठ लाखांच्या तनख्यावर तेथे राहिला. तीही हद्दपारीच. पण घराबाहेर गंगा वाहत होती. पुणे सुटले तरी गंगेकाठचे मरण मिळाले. त्याच्या पिढीच्या ब्राह्मणाला याहून अधिक काय हवे होते? पराभवातही ही एक सोय त्याला लाभली. जफरला ती लाभली नाही आणि थिबालाही नाही. रत्नागिरीत ना पॅगोडा, ना भिक्षुसंघ. बाप मिंडोन मंडालेच्या राजवाड्याच्या आवारात समाधिस्थ आणि मुलगा अरबी समुद्राच्या काठी.

म्हणून सुपयागले वारली तेव्हा तिला मातीआड करून मोकळे होणे राजाच्या जिवावर आले. तिचे शव राजवाड्याच्या आवारात जतन करून ठेवले गेले. १९१६ च्या डिसेंबरात थिबा स्वतः गेला. वय पुरते अठ्ठावन्नही नव्हते. त्याचेही शव तसेच ठेवले. सुपयालत राणीचा हट्ट एकच: दोघांना ब्रह्मदेशी नेईन. हा हट्ट वेडाचा म्हणावा की काय? मला तसे वाटत नाही. तीस वर्षे अर्ज केले, जिवंत माणसाला परत जाऊ दिले नाही. तेव्हा परतण्याची आशा जित्या देहावरून उठली आणि मेलेल्या देहावर येऊन बसली. निदान हाडे तरी मंडालेला पोहोचावीत. सरकारच्या लेखी मात्र जिवंत थिबा एक पेन्शनर होता. मंडालेत परतलेला मेलेला थिबा पुन्हा राजा झाला असता. विटाचुन्याचा जुनाच हिशेब, फक्त साठ वर्षांनी आणि अधिक सभ्य भाषेत.

अखेर १९१९ च्या मार्चमध्ये, राणीची इच्छा डावलून, दोन्ही शवे रत्नागिरीतच समाधीत ठेवण्यात आली. ख्रिस्ती दफनभूमीच्या लगत, भिंतीने वेढलेल्या तुकड्यात ती समाधी आहे. त्याच वर्षी राणीला आणि मुलींना ब्रह्मदेशी जाण्याची परवानगी मिळाली. नवऱ्याला आणि बहिणीला (सुपयागले तिची सख्खी धाकटी बहीण) मागे ठेवून ती बोटीत चढली. मंडालेला राहण्याची मुभा तिलाही नव्हती. १९२५ च्या नोव्हेंबरात ती रंगूनला वारली आणि तिची समाधी तेथेच, श्वेडॅगॉन पॅगोडाच्या परिसरात झाली. राजा एका देशात, राणी दुसऱ्या देशात, आणि दोघांपैकी कोणीही मंडालेस नाही.

इकडे जफरच्या कबरीचे काय झाले? बांबू कुजले, गवत वाढले, सगळे ठरल्याप्रमाणे झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस हिंदुस्थानातून आलेल्या काही मंडळींनी कबर दाखवा म्हटले, तेव्हा ती कोणालाच दाखविता येईना. रंगूनच्या मुसलमानांनी आवाज उठविला, तेव्हा कोठे १९०७ साली अंदाजाने एक जागा धरून शिळा बसविण्यात आली. १९४३ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी तेथेच येऊन अभिवादन केले. आणि १९९१ च्या फेब्रुवारीत गटार खणताना मजुरांना तीन फूट खोलीवर विटांनी बांधलेली खरी कबर लागली. मानलेल्या जागेपासून पंचवीसेक फुटांवर. आता तेथे दर्गा आहे. लोक त्या म्हाताऱ्याला पीर मानून नवस बोलतात. कॅप्टन डेव्हिसने ज्या गोष्टीसाठी एवढी खटपट केली, नेमकी तीच घडली.

राहिली थिबाची थोरली मुलगी. रत्नागिरीत असतानाच तिचे मन राजवाड्यातील एका मराठी नोकरावर बसले होते आणि १९०६ साली तिला मुलगी झाली, तिचे नाव टूटू. १९१९ साली थोरली राजकन्या आईबरोबर ब्रह्मदेशी गेली खरी, पण तेथे रमली नाही. ती रत्नागिरीला परत आली, आणि १९४७ साली, दारिद्र्यात, येथेच वारली. तिच्या आईबापांना जो मुलूख जन्मभर परका वाटला तो तिला आपला वाटला. निदान परतण्याजोगा वाटला. टूटू तर मराठीच बोले. राजाची नात म्हणून तिला कोणी मुजरा करीत नव्हते. चारचौघींसारखा तिचा संसार झाला.

पुढे ब्रह्मदेशाचे, म्हणजे आता ज्याला म्यानमार म्हणतात त्याचे, अध्यक्ष थेन सेन २०१२ च्या डिसेंबरात रत्नागिरीस येऊन समाधीपुढे नतमस्तक झाले. राजाच्या मृत्यूस शंभर वर्षे झाली तेव्हा, २०१६ च्या डिसेंबरात, तिकडून पुन्हा मोठी मंडळी आली. थिबाच्या अस्थी मायदेशी न्याव्यात अशी बोलणी अधूनमधून निघतात. जफरला मेहरौलीला आणावे असेही कोणी कोणी म्हणतात. दोघे अजून आहेत तेथेच आहेत. टूटूला यांपैकी काही पाहायला मिळाले नाही. ती २००० साली रत्नागिरीतच वारली होती.