विश्रामबागवाडा

विश्रामबागवाडा : पुणे शहराच्या मध्यवस्तीतील पेशवेकालीन वाडा. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे हे राहते घर बाजीराव रस्त्यावर, शनिपार आणि तुळशीबागेच्या परिसरात आहे. उभे बांधकाम शाबूत असलेल्या पेशव्यांच्या पुण्यातील वाड्यांत याचे स्थान पहिले मानावे लागेल. शनिवारवाड्याचा तट आणि दरवाजे उरले, आतली घरे १८२८ च्या आगीत गेली. बुधवारवाडा तर १८७९ मध्ये समूळ नष्ट झाला. पेशव्यांचे घर आतून कसे होते, खण किती रुंद, खांब किती जाड, चौकात उजेड कसा उतरतो, हे पाहायचे तर याच वाड्यात यावे लागते.

इंग्रजांशी झालेल्या वसईच्या तहानंतर १८०३ मध्ये बाजीराव त्यांच्या मदतीने पुण्यास परतले. पुढच्या काही वर्षांत त्यांनी शहरात अनेक बांधकामे काढली. सरदार हरिपंत फडके यांच्या बागेच्या जागी १८०७ च्या सुमारास हा वाडा उभा राहिला. त्यास सुमारे दोन लाख रुपये खर्च आला. शनिवारवाड्यात १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला होता, म्हणून तेथे राहणे बाजीरावांना नकोसे वाटे, असे पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. कारण काही असो, दरबारी शनिवारवाड्याऐवजी त्यांचा ओढा या घराकडे होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी इंग्रजांशी खडकीची लढाई झाली, त्याच महिन्यात पुणे इंग्रजांच्या हाती गेले. १८१८ मध्ये शरण आल्यावर बाजीरावांची रवानगी बिठूरला झाली. या वाड्यात ते परतले नाहीत. मालकाचा सहवास या वास्तूला जेमतेम दहा-अकरा वर्षे लाभला.

रचना : वाड्याची ओळख म्हणजे रस्त्याकडे पुढे आलेला कोरीव लाकडी सज्जा, म्हणजेच मेघडंबरी. खाली प्रवेशद्वार, वर नक्षीदार महिरपी, आणि त्यांना पेलणारे सागवानी सुरूदार खांब. सुरूच्या झाडासारखा तळाशी भरलेला आणि वर निमुळता होत जाणारा हा खांब उत्तर पेशवाईतील सुतारकामाचे खास लक्षण होय. खांबाच्या माथ्याशी केळफुलाची नक्षी येते. आत चौकांभोवती सोपे आणि माड्या आहेत. वरच्या मजल्यावरील दिवाणखान्यात खांबांच्या ओळी, महिरपी आणि लाकडी छत यांचा मेळ इतका नेटका जमला आहे की, शनिवारवाड्याच्या मोकळ्या जोत्यांवर हरवलेले काय होते याची कल्पना तेथे उभे राहिल्यावरच येते. वाड्याचे बळ लाकडी सांगाड्यात आहे. भार खांब आणि तुळया घेतात. त्यामुळेच आग आणि पाण्याची गळती हे त्याचे मोठे शत्रू.

पेशवाईनंतर : पेशवे विद्वानांना श्रावणात दक्षिणा वाटत. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या धोरणाने इंग्रजी अमलातही या कामी रक्कम राखून ठेवण्यात आली. तिच्यातील काही भागातून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. शास्त्रांच्या अध्यापनासाठी निघालेल्या या शाळेत पुढे इंग्रजीही आले. मराठीत विरामचिन्हे रुळवणारे मेजर थॉमस कँडी हे तिचे प्रमुख होते. लेखक कृष्णशास्त्री चिपळूणकर तिचे विद्यार्थी. १८५१ मध्ये तिचे पूना कॉलेज झाले, १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज, आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले. महाराष्ट्रातील आधुनिक उच्च शिक्षणाचा एक मूळ झरा या चौकांत आहे, ही गोष्ट वाड्याच्या वर्णनात मेघडंबरीइतक्याच ठळकपणे यायला हवी. ती बहुधा एका ओळीत आटोपली जाते.

१३ मे १८७९ च्या रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा दोन्ही पेटले. वासुदेव बळवंत फडके यांचे इंग्रजांविरुद्धचे बंड तेव्हा जोरात असल्याने संशय त्यांच्याकडे वळला. पुढे कृष्णाजी नारायण रानडे याने आग लावल्याची कबुली दिली. विश्रामबागवाड्याचा जळालेला भाग लोकवर्गणी आणि नगरपालिकेच्या साहाय्याने पुन्हा बांधण्यात आला. जतनाच्या दृष्टीने ही फार मोलाची घटना आहे. पेशवाई बुडून साठ वर्षे झाली होती, तरी पुणेकरांनी पदरचे पैसे घालून हे घर राखले. विसाव्या शतकात, १९३० च्या सुमारास, पालिकेचे कार्यालय येथे आले. १९५० मध्ये महानगरपालिका स्थापन झाल्यावर तिची सुरुवातीची वर्षे येथेच गेली. १९५९ च्या सुमारास ती शिवाजीनगरच्या नव्या इमारतीत गेली.

जतन : शाळा, कचेरी, टपाल कार्यालय असा सततचा वापर झाल्याने वाडा ओस पडला नाही, म्हणून वाचला. त्याच वापराने त्यात आडभिंती, तारा आणि रंगांचे थर चढवले. १९९० नंतर महानगरपालिकेने टप्प्याटप्प्याने दुरुस्ती हाती घेतली. पुण्याची वाटचाल मांडणारे ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ हे प्रदर्शनही येथे उभारण्यात आले.

अशा कामात साहित्याची निवड निर्णायक ठरते. जुन्या विटकामाला चुनाच मानवतो, कारण तो ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा गिलावा ती आत कोंडतो आणि भिंतीत रोवलेली तुळईची टोके कुजू लागतात. कुजलेला भाग तेवढा काढून तेथे जुन्याच पद्धतीने नवे सागवान सांधणे हे संपूर्ण खांब बदलण्यापेक्षा वेळखाऊ असते, पण दोनशे वर्षांपूर्वीच्या सुताराची पटाशी त्यानेच टिकते. १८७९ नंतरची बांधणीही पुसून टाकण्याजोगी नाही. ती पेशव्यांची नसली तरी वर्गणी देणाऱ्या पुणेकरांची आहे, आणि दुरुस्तीच्या प्रत्येक आराखड्यात तिची नोंद मूळ बांधकामाइतक्याच काळजीने व्हायला हवी.