राणीच्या दोन बागा

यांगूनला आम्ही गेलो ते बहादूरशाह जफरच्या मजारीवर फातिहा पढायला. रत्नागिरीचे चौघे मित्र, 2019 चा जानेवारी महिना. प्राणिसंग्रहालय आमच्या यादीत नव्हतं. पण जोहरची नमाज झाल्यावर दुपार मोकळी होती, आणि आमच्यातल्या एकाने कुठेतरी वाचलं होतं की थिबा राजाचा पांढरा हत्ती इथल्याच प्राणिसंग्रहालयात ठेवला होता. थिबाचं नाव निघाल्यावर रत्नागिरीचा माणूस हॉटेलवर कसा बसणार? निघालो.

आत साधे करडे हत्ती होते. पोरं त्यांना केळी देत होती. आमच्या मित्राची निराशा झाली. मला मात्र ती गोष्ट आधीपासूनच खटकत होती. 1885 च्या नोव्हेंबरमध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि थिबाला राणीसह बोटीवर चढवलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या दरबारचा पांढरा हत्ती मेला आणि त्याचं धूड राजवाड्याबाहेर ओढून नेण्यात आलं. हे प्राणिसंग्रहालय उघडलं 1906 साली. मेलेला हत्ती वीस वर्षांनी इथे कसा येईल? ब्रह्मदेशात पांढरा हत्ती म्हणजे राजेपणाची खूण. आपल्याकडे ‘पांढरा हत्ती पोसणे’ याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको. थिबाचा तनखा मंजूर करणाऱ्या साहेबांना आपलाच अर्थ जवळचा वाटत असावा.

या बागेचं मूळ नाव व्हिक्टोरिया मेमोरियल पार्क. ते कळलं तेव्हा मला लहानपणीची राणीची बाग आठवली. रत्नागिरीहून एसटीने रात्रभर प्रवास करून भायखळ्याला नेलेलं पोर मी. ती बागही व्हिक्टोरियाच्याच नावाची. लोकांसाठी ती खुली झाली 19 नोव्हेंबर 1862 रोजी. त्याच्या बारा दिवस आधी, 7 नोव्हेंबरला, जफर रंगूनमध्ये वारले. इंग्रजांनी त्याच दिवशी त्यांना पहाऱ्याच्या जागेमागे दफन केलं. वर हिरवळ लावून जमीन अशी सपाट केली, की पुढे कुणाला कबर ओळखता येऊ नये. मुंबईत राणीच्या नावाने बाग फुलत होती आणि इथे गवत उगवायचं ते बादशहाची खूण पुसायला.

ती खूण पुसली गेली नाही, याचं श्रेय रंगूनच्या मुसलमानांचं. त्यांनी मागणी लावून धरली, तेव्हा कुठे 1907 मध्ये एक शिळा बसली. खरी कबर सापडली 1991 च्या फेब्रुवारीत, गटारासाठी खोदताना, जमिनीखाली जेमतेम तीन फुटांवर. आज तिथे दर्गा आहे, चादरी चढतात. दिल्लीत महरौलीला जफरनी स्वतःसाठी राखलेली जागा रिकामीच आहे.

आणि थिबा? 1886 पासून तो आमच्या गावात. ज्याला आम्ही थिबा पॅलेस म्हणतो तो बांधून झाला 1910 साली. म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या बंगल्यांत, पहाऱ्यात काढली. नव्या वाड्यात मिळाली जेमतेम सहा. 1916 च्या डिसेंबरमध्ये तो गेला. शवपेटी मायदेशी नेऊ देतील या आशेवर राणी सुपयालतने त्याचं दफन अडवून धरलं. परवानगी आलीच नाही. 1919 मध्ये सरकारने ती पेटी रत्नागिरीतच पुरली आणि राणीला परत जायला मोकळीक दिली. सहा वर्षांनी ती रंगूनमध्ये वारली. तिची समाधी श्वेडगॉन पॅगोड्याजवळ आहे, आणि जफरचा दर्गाही तिथून लांब नाही. नवरा अरबी समुद्राकाठी, बायको शेजारच्या देशाच्या बादशहाजवळ.

त्यांची मोठी मुलगी रत्नागिरीतल्याच एका माणसात गुंतली होती. तिची मुलगी टूटू इथेच राहिली, मराठी बोलत, गोवऱ्या थापत म्हातारी झाली. लोक तिला बायसू म्हणत. राजाच्या या नातीला आमच्या गावातल्या कित्येकांनी पाहिलंय.

परत आल्यावर पहिल्या रविवारी आम्ही शिवाजीनगरात थिबाच्या समाधीवर गेलो. आजूबाजूला घरं, मधे ती. तो काही मुसलमान नव्हता, त्यामुळे हात उचलावे की जोडावे ते कळेना. नुसते उभे राहिलो. पांढरा हत्ती शोधणारा मित्र इथून पंधरा मिनिटांच्या चालीवर राहतो. तो इथे पहिल्यांदाच येत होता.