वंध्यत्व व जोडप्यांचे समुपदेशन (टोकावडे परिसर)

मूल होण्यात अडचण येत असलेल्या पतिपत्नींना तपासण्या, उपचार, अपयश आणि लोकांची विचारणा यांना एकत्र तोंड देता यावे, यासाठी दिली जाणारी मानसिक मदत. बारा महिने किंवा अधिक काळ गर्भनिरोधक न वापरता नियमित शरीरसंबंध येऊनही गर्भ न राहणे, ही जागतिक आरोग्य संघटनेची वंध्यत्वाची व्याख्या आहे. संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण, एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने, आढळते. तरीही तपासणी, औषध, नवस आणि बोल यांची सुरुवात स्त्रीपासूनच होते. ‘वांझोटी’ हा शब्द तिच्याच वाट्याला येतो. पुरुषासाठी तसा शब्द बोलीत जवळजवळ वापरातच नाही. त्यामुळे ग्रामीण भागात समुपदेशनाचे पहिले काम पतीला सोबत आणणे हे ठरते.

परिसर : टोकावडे हे ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील, कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या महामार्गावरचे गाव. येथे ग्रामीण रुग्णालय आहे. मुरबाड व शेजारच्या शहापूर तालुक्यात कुणबी, आगरी, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी वस्ती आहे. भातशेती, मजुरी आणि कल्याण-मुंबईकडची नोकरी यांवर घरे चालतात. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. वंध्यत्वाचे उपचार मात्र पाळीच्या दिवसांवर चालतात : अमुक दिवशी सोनोग्राफी, तमुक दिवशी इंजेक्शन. लावणीच्या दिवसांत किंवा भट्टीची उचल अंगावर असताना हे वेळापत्रक पाळता येत नाही आणि ‘पेशंट उपचार सोडून जातात’ असा शेरा केसपेपरवर पडतो. सोडण्याचे कारण पुष्कळदा मनात नसून बसभाड्यात आणि बुडालेल्या रोजात असते. हे न विचारता दिलेला धीर उपयोगाचा नसतो.

इतिहास : महाराष्ट्रात लैंगिक व वैवाहिक प्रश्नांवर उघड सल्ला देण्याची परंपरा र. धों. कर्वे यांच्यापासून मानता येते. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले; त्यात वाचकांच्या खाजगी प्रश्नांना उत्तरे दिली जात. पुढे सरकारी कार्यक्रमांचा सारा भर मुले कमी होण्यावर राहिला आणि ज्यांना मूलच होत नाही त्यांचा प्रश्न मागे पडला. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा या मुलीचा जन्म झाला. शास्त्रीय नोंदींसह झालेला हा भारतातील पहिला टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म मानला जातो. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखर्जी यांनी १९७८ मध्येच असे बाळ जन्माला घातल्याचा दावा त्या वेळी फेटाळला गेला. त्याला मान्यता त्यांच्या मृत्यूनंतर मिळाली. ब्रिटनने अशा उपचारांविषयीच्या १९९० च्या कायद्यात समुपदेशनाची संधी देणे बंधनकारक केले. भारतात कायदा होण्यास त्यानंतर तीन दशके लागली.

जोडप्यावरील ताण : ॲलिस डोमर व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले की वंध्यत्वाच्या उपचारांतील स्त्रियांची चिंता व खिन्नता कर्करोग किंवा हृदयविकार झालेल्यांच्या तोडीची असते. ताण दोघांना सारखा व्यक्त करता येत नाही. पाळी आली की पत्नीला त्याबद्दल बोलायचे असते. पती विषय टाळतो, उशिरा घरी येतो. तिला ती बेफिकिरी वाटते, तर आपण बोललो की ती रडते म्हणून गप्प बसलो, असे त्याचे म्हणणे असते. ठरल्या दिवशी संबंध ठेवण्याच्या सूचनेमुळे शरीरसुखही कामासारखे होते; काही पुरुषांत नेमक्या त्याच दिवशी ताठरता येत नाही आणि त्याचा उच्चार कुणीच करत नाही. बारसे, डोहाळजेवण, हळदीकुंकू, ओटी भरणे या प्रसंगी बाजूला ठेवले जाणे ही सर्वांत नेमाने होणारी जखम होय. धाकट्या जावेला आधी दिवस गेले की घरातील बोलणे बदलते. काही घरांत दुसऱ्या लग्नाची भाषा सुरू होते.

वीर्यतपासणी : हा टप्पा स्वतंत्रपणे नोंदवण्याजोगा आहे. तपासणी स्वस्त आणि वेदनारहित असून ती आरंभीच व्हायला हवी. प्रत्यक्षात पत्नीच्या अनेक तपासण्या, कधी नलिकांचा एक्स-रे आणि दुर्बिणीची तपासणीही होऊन गेल्यावर ती केली जाते. दोन ते सात दिवसांचा संयम पाळून नमुना द्यावा लागतो आणि तो तासाभरात, अंगाच्या उबेत, प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो. टोकावड्याच्या पुढच्या पाड्यांवरून मुरबाड ओलांडून कल्याण गाठायलाच तासाहून अधिक वेळ लागतो, म्हणून तेथील सुविधा हवी असेल तर नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो. बहुधा ती जागा म्हणजे एक लहानसे स्वच्छतागृह, हातात नाव लिहिलेली डबी आणि बाहेर बाकावर बसलेली माणसे. नमुना देता न आल्याने परत गेलेला पुरुष पुन्हा येत नाही. आधी पंधरा मिनिटे एकांतात बसून हे सारे कसे होते, एकदा न जमल्यास काय करता येते, अहवालातील आकडा म्हणजे काय, हे सांगितले तर तो टिकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत शुक्राणूंची खालची संदर्भमर्यादा मिलिलिटरला १ कोटी ६० लाख आहे. आकडा त्याखाली गेला म्हणजे मूल अशक्य, असा अर्थ होत नाही. वंध्यत्व आणि नपुंसकत्व या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे पतीला आणि त्याच्या आईवडिलांनाही स्पष्ट सांगावे लागते.

पद्धती : समुपदेशनात तीन कामे मोडतात : उपचाराचे परिणाम समजावणे, कठीण काळात आधार देणे आणि गरज असल्यास मानसोपचार. जोडप्याला एकत्र आणि एकेकटे, दोन्ही प्रकारे भेटणे इष्ट असते, कारण पूर्वीचा गर्भपात किंवा मारहाण यांसारख्या गोष्टी दुसऱ्यासमोर निघत नाहीत. मागील पाळी आली त्या दिवशी घरात कोण काय बोलले, हे दोघांना आळीपाळीने, मध्ये न बोलता सांगायला लावणे ही साधी पण परिणामकारक रीत आहे. उपचाराविषयी बोलण्याची वेळ ठरवून बाकीचा दिवस मोकळा ठेवणे, नातेवाइकांना द्यायचे उत्तर दोघांनी आधी ठरवणे आणि ते सासूबाईंना मुलाने सांगणे, सुनेने नव्हे, हेही त्यातच येते. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली. ‘मूल नाही म्हणजे मी कवडीमोल’ या समजुतीवर काम करण्यास ती सोयीची आहे.

भगत, अंगारा, नवस यांची थट्टा करणारा समुपदेशक जोडपे गमावतो. नवस आणि तपासणी एकाच वेळी चालू शकतात. तपासणी लांबणीवर पडत असेल किंवा शोषण होत असेल तेथे मात्र स्पष्ट बोलणे भाग असते.

संशोधन : ‘टेन्शन घेऊ नका, मग राहील’ या सल्ल्याला भक्कम आधार नाही. बॉयव्हिन व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १४ अभ्यासांतील ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र केली, तेव्हा उपचारापूर्वीच्या मानसिक ताणाचा यशापयशाशी संबंध दिसला नाही. समुपदेशनाने गर्भधारणा वाढते का, याबाबत मतभेद आहेत. समुपदेशनाचा हेतू जोडप्याचे हाल कमी करणे हा आहे आणि त्याला तेवढे प्रयोजन पुरेसे आहे.

कायदा : साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ नुसार उपचारकेंद्राने जोडप्याला यशाची शक्यता, खर्च, धोके व दुष्परिणाम यांबाबत व्यावसायिक समुपदेशन देणे बंधनकारक आहे. उपचारासाठी वयोमर्यादा स्त्रीला २१ ते ५० आणि पुरुषाला २१ ते ५५ वर्षे आहे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात (२००५) मूल नसल्यावरून अपमान किंवा हेटाळणी करणे हा शाब्दिक व भावनिक छळ म्हणून नाव घेऊन नमूद आहे. ही तरतूद गावपातळीवर फारशी ठाऊक नाही, ती प्रत्येक आशा कार्यकर्तीला माहीत असायला हवी. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत, अलौकिक शक्तीने मूल होईल असे सांगून स्त्रीशी संबंध ठेवणे हा गुन्हा आहे. हिंदू विवाह कायद्यात (१९५५) वंध्यत्व हे घटस्फोटाचे कारण नाही आणि पहिला विवाह कायम असताना दुसरा विवाह अवैध आहे. मात्र केंद्राने अधिसूचना काढल्याखेरीज हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यामुळे ठाकूर, कातकरी व महादेव कोळी स्त्रियांच्या बाबतीत सवतीचा प्रश्न रूढीवर सोपवला जातो.

उपलब्ध मदत : ग्रामीण रुग्णालयाच्या पदरचनेत वंध्यत्व-समुपदेशक असे वेगळे पद नसते. ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ कार्यरत आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत विनामूल्य बोलता येते. गोव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून आयव्हीएफ मोफत आहे. आयुष्मान भारत योजनेत मात्र हे उपचार समाविष्ट नाहीत.

उपचार थांबवणे : किती प्रयत्न करायचे आणि किती कर्ज काढायचे, हे सुरुवातीलाच दोघांनी ठरवावे, अपयशाच्या दिवशी ते ठरवता येत नाही. दीर किंवा भावाचे मूल वाढवण्याची रीत जुनी आहे, पण कागदपत्रांअभावी पुढे तंटे होतात. नोंदणीकृत दत्तकासाठी, २०२२ च्या नियमांनुसार, विवाहाला किमान दोन वर्षे झालेली असावी लागतात आणि दोन वर्षांपर्यंतच्या बालकासाठी पतिपत्नींच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा अधिक चालत नाही. उपचारांत वर्षे घालवलेली जोडपी या मर्यादेजवळ आलेली असतात. म्हणून दत्तकाची माहिती उपचार चालू असतानाच दिली जाते.