धावफलकावरचा झेंडा

शिकागोचा कब्स हा बेसबॉल संघ रिग्ली फील्ड या मैदानावर आला १९१६ साली. पुढे च्युइंगगमवाले विल्यम रिग्ली त्याचे मालक झाले. रेडिओवर सामना फुकट ऐकायला मिळाला तर तिकीट काढून येणार कोण, ही त्या काळी बहुतेक मालकांची धास्ती. रिग्लींनी मात्र रेडिओ केंद्रांना दारं सताड उघडी केली. दुपारी घरकाम करता करता बायका सामने ऐकू लागल्या आणि महिलांना मोफत प्रवेश असायचा त्या दिवशी मैदानावर लोटू लागल्या. १९२७ साली कब्सच्या मैदानावर दहा लाखांहून जास्त प्रेक्षक आले. नॅशनल लीगमध्ये तोवर कुणालाच हे जमलं नव्हतं.

१९३७ मध्ये मैदानाच्या मागच्या अंगाला मोठा धावफलक उभा राहिला. आत बसलेली माणसं आकड्यांच्या पाट्या आजही हातानं बदलतात. सामना संपला की फलकाच्या माथ्यावर झेंडा चढतो: जिंकले तर पांढऱ्यावर निळा 'डब्ल्यू', हरले तर निळ्यावर पांढरा 'एल'. शेजारून उन्नत रेल्वे जाते. कामावरून परतणाऱ्यांना गाडीतूनच निकाल कळावा, ही त्यामागची सोय. मैदानात नसलेल्या माणसाची एवढी आठवण ठेवणारी प्रथा मला फार मोलाची वाटते. उत्तरेकडे घरी जाताना मी अजून डावीकडची खिडकी धरतो.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉलच्या हंगामाची सवय व्हायला वेळ लागतो. एप्रिल ते सप्टेंबर १६२ सामने, जवळजवळ रोज खेळ. उत्तम संघही त्यातले साठेक हरतो. पराभवाचं सुतक पाळायला सवडच नाही. उद्या दुपारी पुन्हा सामना.

दुपारीच, कारण इथे कित्येक वर्षं दिवेच नव्हते. १९४२ च्या हंगामासाठी विल्यम यांचे चिरंजीव फिलिप रिग्लींनी सगळं सामान आणलं होतं. पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते युद्धकार्याला देऊन टाकलं. मग दिवे लागले ते थेट ८ ऑगस्ट १९८८ ला, आणि तो सामना पावसानं धुऊन नेला! मधल्या काळात शाळा सुटल्यावर टीव्हीवर शेवटचे दोन-तीन डाव पाहत या शहरातल्या पिढ्या वाढल्या. १९०८ नंतर विजेतेपद नाही, १९४५ नंतर अंतिम मालिकाही नाही, तरी लोक टिकले ते या रोजच्या दुपारींमुळे, असं माझं ठाम मत आहे. २०१६ मध्ये १०८ वर्षांनी विजेतेपद आलं तेव्हा लोकांनी मैदानाच्या विटांच्या भिंतींवर खडूनं नावं लिहिली. त्यांत वाट पाहता पाहता गेलेल्या आईवडिलांची, आजीआजोबांची नावं होती.

रात्रीच्या सामन्यांवर शहराची मर्यादा अजून आहे, म्हणून इथले शुक्रवारचे सामने बहुधा दुपारीच होतात. नवं वेळापत्रक हाती आलं, की मी आधी शुक्रवार शोधतो.